घाटातल्या वळणावर हात कुणी केला

कानाए,

मला गोड लिहिता येत नाही. शाळा सुटली ती कायमची, जन्म मासे कापण्यात गेला, तेव्हा सरळच सांगते. कुश्शारो तळ्यावरच्या घाटात तेत्सुरोला हात करणारा मोटरसायकलवाला कुणी परका नव्हता. ती मी होते.

सुट्टीचा तिसरा दिवस, दोघं आपापल्या मोटरसायकलवर. तो तंबूची जागा धरायला पुढे गेला होता, आणि मी रेंगाळले म्हणून मला बघायला उलटा आला. समोरून येणाऱ्या मोटरसायकलवाल्याला हात करायचा, ही आमची रीत. माझ्या भावाने आजवर एकालाही चुकवलं नव्हतं. हे ठाऊक असून मी ऐन वळणावर हात वर केला आणि ओरडले, "काय रे म्हाताऱ्या, वाट चुकलास?" त्याने उत्तराला हँडलवरचा हात उचलला. खाली खडी होती.

मागच्या ट्रकवाल्याला फक्त त्याचा उचललेला हात दिसला, समोरची मी वळणाआड होते. मी पोलिसांना सांगितलं, मी नंतर पोचले.

तो गेल्यापासून चाळीस दिवस तू त्या हात करणाऱ्या माणसाला शोधते आहेस. राग नाही म्हणतेस. शेवटी तेत्सुरोचा चेहरा कसा होता, एवढंच तुला विचारायचंय. आज पेट्रोल पंपावर तू त्याच्यासाठी चिठ्ठी चिकटवलीस. "वन्सं, कोपरा धरा ना, वाकडी लागतेय." मी धरला.

हा कागद स्टोव्हमध्येच जाईल.

हसत होता गं. हेल्मेटची काच वर होती, दात दिसले मला. पण हे तुला सांगायचं तर कुठून पाहिलं तेही सांगावं लागेल, आणि मग मला वन्सं म्हणणारं कुणी उरणार नाही.

तुझ्या नवऱ्याची बहीण,
योशिए