गफ्फारभाईंच्या दुकानातली मऊ निब

अमडापूर,
ता. ४ फेब्रुवारी १९३७

चि. उकंडरावास सत्यभामेचे अनेक आशीर्वाद.

इकडील क्षेम. शालूचे लग्न वैशाखात ठरले, स्थळ साखरखेर्ड्याचे. लेकीच्या कुंकुमपत्रिका मी हातानेच लिहिणार, आपल्या बाबांच्या वळणाने. पण माझी झरणी शाळेच्या फरशीवर तोंडावर आपटली नि निब वाकली. तेव्हा तुझ्या खामगावात गफ्फारभाईंच्या जुन्या सामानाच्या दुकानात मऊ निबेची झरणी पाहा.

सोन्याच्या चकाकीवर भाळू नकोस. तसेच भाळून आणलेले तुझे घड्याळ अजून सव्वातीनच दाखवते. निब अंगठ्याच्या नखावर हलकेच दाब. तिची दोन पाती फाकली पाहिजेत आणि दाब काढताच जुळली पाहिजेत. फाकलीच नाहीत तर निब ताठ. फाकलेलीच राहिली तर कामातून गेलेली. मग शाईत बुडवून उभी रेघ ओढ. दाबताच बारकीची जाड झाली, तर घे.

लोभ आहेच, तो दुकानात सांडू नकोस.

तुझी अक्का


खामगाव,
ता. १२ फेब्रुवारी १९३७

ती. अक्कास उकंडरावाचा सा. न. वि. वि.

सात झरण्या दाबल्या, नख निळे झाले. गफ्फारभाई विचारू लागले, की राजेहो, पेन लिहायले घेता का दाबायले? सगळ्या खिळ्यासारख्या ताठ निघाल्या. पत्रिका छापूनच घ्याव्यात, असे माझे नम्र मत.

राग न धरता लोभ ठेवावा.

उकंडराव


अमडापूर,
ता. १७ फेब्रुवारी १९३७

चि. उकंडरावास आशीर्वाद.

तुझे पत्र उजेडात नेऊन दोनदा वाचले. जन्मभर तुझे अक्षर एकाच जाडीचे. यंदा मात्र प्रत्येक उभा दंड गुबगुबीत आणि प्रत्येक वेलांटी केसासारखी! हातच्या कांकणाला आरसा कशाला? भाचीच्या पत्रिकांची झरणी मामानेच ढापावी, याची मला लाज वाटली आणि खूप हसूही आले.

झरणी ताबडतोब पाठव. नाहीतर मांडवात शालूच्या पाठीशी उभा राहायला दुसरा मामा शोधीन. लोभाचे नंतर पाहू.

अक्का


खामगाव,
ता. २१ फेब्रुवारी १९३७

ती. अक्कास सा. न. वि. वि.

हे पत्र शिसपेन्सिलीने लिहितो आहे, यावरून काय ते समजावे. झरणी सोबतच्या डबीत कापसात ठेवली आहे.

खोटे बोललो, अक्का. दुकानात रेघ ओढली, ती जाड झाली. मग सहज बाबांचे नाव लिहिले, तर थेट त्यांच्याच हातचे उमटले. मग काही सोडवेना. तो कागदही डबीत आहे. तो मात्र लग्नात मला परत द्यावा.

पत्रिकेत मामाचे नाव केसाएवढ्या बारीक रेघेत का होईना, पण असावे. लोभही तेवढाच पुरे.

तुझा उकंडा