मुंबईला शिकलेला मिस्त्री

मावशी,

माझ्या कान्हे गावच्या शाळेची अकरा बाकं. वलवणच्या तीन बंगल्यांची दारं-खिडक्या. माझ्या धाकटीचा पाळणा, एकही खिळा न मारता. वाण्याच्या तराजूची दांडी. आणि तुम्ही जिथं स्वयंपाक करत होता त्या बंगल्यातला सागवानी जिना: सतरा पायऱ्या, प्रत्येकीची उंची पावणेसात इंच, सुताचाही फरक नाही. हे सगळं मी माझ्या हातांनी केलं आणि ते मला कोणी शिकवलं नाही. ही गोष्ट आज मी कुणालाही सांगतो. जरा जास्तच सांगतो, असं घरचे म्हणतात. पण एके काळी ती माझ्या तोंडून निघत नव्हती, हे तुमच्याइतकं कोणाला ठाऊक नाही.

कुणब्याच्या पोरानं नांगर सोडून रंधा धरला म्हणून गाव हसलं होतं. मोडक्या खुर्च्या उकलून, पुन्हा जोडून मी शिकलो. तुमच्या बंगल्यावर मी आधीपासून किरकोळ डागडुजीला यायचो आणि दुपारी तुमच्याकडंच जेवायचो. मालकीणबाईंनी जिन्याचं काम देताना विचारलं, "कुठं शिकलात?" तेव्हा "कुठंच नाही" म्हटलं तर काम जाईल, या भीतीनं मी म्हणालो, "मुंबईला." माझं गाव ठाऊक असलेल्या तुम्ही मागं चहाचा ट्रे घेऊन उभ्या होतात. तुमच्या चेहऱ्यावर काही हललं नाही.

दुपारी नेहमीसारखा मी स्वयंपाकघरात पाटावर बसायला आलो, तर पाटच नाही. तुम्ही म्हणालात, "मिस्त्रीसाहेब, आपलं पान बाहेर व्हरांड्यात घेतलं आहे." बाहेर टेबलावर बशीत पावाचे दोन तुकडे, लोणी, शेजारी काटा आणि सुरी. आतून पिठल्याचा वास येतोय, माळीबुवा भाकरी मोडतायत आणि मी काट्यानं पाव टोचत बसलोय. असे तीन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी मी दारात येऊन म्हणालो, "मावशी, भाकरी द्या की वो."

"अगंबाई! मुंबईकरांना भाकरी पचंल का?"

मला राग आला. मी म्हणालो, "तुमीबी बाईंसमोर 'होय, हो' करता आन् हितं आलं की 'व्हय'. ते काय मग?"

तुम्ही तवा खाली उतरवलात. "करते की. बाईला माझं बोलनं कळाया पायजे म्हून करते. पन मी इंदुरी गावची न्हाई, असं कवा म्हनलं म्या?"

त्या रात्री मला धड झोप आली नाही. नऊ पायऱ्या कापून झाल्या होत्या, आठ राहिल्या होत्या; खरं सांगावं तर उरलेला जिना दुसऱ्याच्या हातात जाणार. तरी सकाळी मी मालकीणबाईंसमोर उभा राहिलो. "बाईसाहेब, मी मुंबईला शिकलो नाही. कुठंच शिकलो नाही."

त्या हसल्या. "मला माहीत आहे. ज्याला शिकवलेलं असतं तो एकदा मोजतो. तुम्ही प्रत्येक फळी तीनदा मोजता. म्हणून तर काम तुमच्याकडे ठेवलं."

मावशी, खोटं पकडल्याचं मला काही वाटलं नाही, पण हे लागलं. तीनदा मोजणं हा माझा अभिमान होता आणि बाईंना त्यातली धास्ती दिसली होती. तरी तुम्हीच चुगली केली असेल, असं वाटून मी आत येऊन विचारलं, तर तुम्ही म्हणालात, "म्या कशाला सांगू? बस खाली. कांदा फोडू का?" त्या दिवशी मी चार भाकऱ्या खाल्ल्या.

आता पन्नाशी आली. गिऱ्हाइकाकडे जाताना मी कोट घालतो, पुण्याच्या माणसासारखं बोलतो; कान्ह्याला गेलो की "आमी, तुमी" आपोआप येतं, आणि यातला खरा मी कोणता, हा प्रश्न आता छळत नाही. बाजारात मला घमेंडी म्हणतात. बायको म्हणते, "घमेंडी कसले, भित्रे आहात." दोघांचं बरोबर आहे. अजूनही मी तीनदा मोजतो.

तुम्हाला वाचता येत नव्हतं आणि जाऊन आता चौदा वर्षं झाली, म्हणजे हा कागद माझ्याकडेच राहणार. तर एक कबूल करून टाकतो. जिना पाहून शेटजींच्या, म्हणजे बाईंच्या यजमानांच्या, एका मित्रानं मला परगावी नोकरीचं बोलावणं धाडलं होतं. मी गेलो नाही. दुसऱ्याच्या हाताखाली काम करणार नाही, असं मी सगळ्यांना सांगितलं, तुम्हालाही. ते खरं नव्हतं. तिथं पुन्हा कोणी विचारलं असतं, "कुठं शिकलात?" आणि मी पुन्हा काहीतरी ठोकून दिलं असतं, कारण तुमच्यासारखं टोकणारं, माझं गाव माहीत असलेलं तिथं कोणी नव्हतं. जागा फर्निचरच्या कारखान्यात हेड मिस्त्रीची होती, राहायला खोली, आणि पगार त्या काळात महिना नव्वद रुपये.