तात्पुरतं वास्तव्य

बाबा, तुमचं एक वाक्य मी पहिल्यांदा ऐकलं ते अरबीत. इथल्या, फुजैराच्या कोर्टात, तुम्ही जाऊन सहा वर्षं झाल्यावर. समोरच्या वकिलानं एक कागद वाचला आणि दुभाष्यानं माझ्याकडे वळून हिंदीत सांगितलं, की या कुटुंबाचं कायमचं घर साताऱ्याला आहे, इथलं वास्तव्य नोकरीपुरतं, तात्पुरतं आहे, आणि माझ्या पश्चात माझ्या पत्नीचा सांभाळ माझा मुलगा करील. ते प्रतिज्ञापत्र तुमचं होतं आणि तो वकील तुमच्या मुलाचा.

आई दोन वर्षांपासून विसरते आहे. आधी नावं गेली, मग वार, मग गॅस बंद करायचा राहू लागला. मी दुबईतलं, जुमेरा लेक टॉवर्समधलं ऑफिस सोडलं, घरून करता येईल असं काम मागून घेतलं आणि फुजैराला आपल्या त्याच फ्लॅटमध्ये राहायला आले. इथं ती अजून हिंडती-फिरती आहे. जिना उतरते, खालच्या बकाल्यात, किराणा दुकानात, जाते, काय आणायचं ते विसरते. मल्याळी दुकानदार तिच्या हातात कोथिंबिरीची जुडी देतो आणि ‘अम्मा, ऊपर’ म्हणतो. मग ती वर येते. दुसऱ्या कुठल्या गावात तिला एवढंही जमणार नाही. डोळ्याच्या ऑपरेशनच्या वेळी हॉस्पिटलनं विचारलं, सही कोण करणार? तिची चालेना, आणि माझी चालायला कोर्टाचा हुकूम हवा. म्हणून मला तिची कायदेशीर पालक नेमावं असा अर्ज करायचं ठरवलं. आधी भावाला फोन केला. ‘तू कर ताई, माझी नो ऑब्जेक्शन आहे, लगेच पाठवतो,’ असं म्हणाला. मी त्या भरवशावर राहिले. आणि पहिल्याच तारखेला त्याचा वकील उभा राहून म्हणाला, या बाईबद्दल काही ठरवायचा या कोर्टाला अधिकारच नाही. ती भारतीय, तिचं घर भारतात, तेव्हा काय ते साताऱ्याचं कोर्ट ठरवील.

तो पुण्याहून स्क्रीनवर हजर होता. इथेच जन्मलेला, इथल्या शाळेत बारावीपर्यंत शिकलेला माझा भाऊ, इथल्या कोर्टाला आमच्यावर हक्क नाही असं सांगत होता आणि एकदाही कॅमेऱ्याकडे बघत नव्हता. पण खरं सांगू, त्याच्यापेक्षा मला तुमचाच राग जास्त आला. तो कच्चा निघाला. तुम्ही तर विचार करून, टाइप करून घेतलं होतंत.

‘तात्पुरतं’ हा शब्द मी तुमच्या तोंडून इतक्यांदा ऐकलाय! ऑइल टर्मिनलवरून तुम्ही येता, साबणाच्या भुकटीनं कोपरापर्यंत हात घासता, तरी तेलाचा वास जात नाही. आई म्हणते, एक बरा सोफा घेऊ या. तुम्ही म्हणता, कशाला, आपण काय इथं राहणार आहोत? मी भिंतीला खिळा ठोकला म्हणून केवढे रागावला होतात. तिनं कढीपत्ता लावला तेव्हाही म्हणालात, कुंडीतच ठेव, जाताना कुणाला देता येईल. तिनं ऐकलं नाही. इमारतीमागे मातीत लावला. या सगळ्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, बाबा. बोलायची एकेकाची रीत असते. पण शेवटच्या आठवड्यात इथल्या हॉस्पिटलात, आई चहा आणायला गेली असताना, तुम्ही माझं मनगट धरून म्हणालात, ‘तिला तुझ्या हवाली करतोय. त्याला नाही जमायचं.’ सहा वर्षं मी त्या वाक्यावर उभी होते. आणि कागदावर मी नावालाही नव्हते.

दुसऱ्या तारखेला आईला घेऊन गेले. भावाच्या वकिलानं ते प्रतिज्ञापत्र माझ्यासमोर धरलं. खाली साक्षीदार म्हणून सही होती. ‘ही तुमचीच ना?’ मी म्हणाले, असेल, अठरा-एकोणीस वर्षांची होते, मला आठवत नाही. हे शपथेवर. मग न्यायाधीश आईकडे वळले. दुभाष्यानं विचारलं, ‘अम्मा, आपका घर कहाँ है?’ आई बराच वेळ माझ्या ओढणीच्या टोकाशी चाळा करत बसली. मग म्हणाली, ‘हमारे ये ड्यूटी से आयेंगे ना, उनको पूछो.’ दुभाष्यानं न्यायाधीशांकडे पाहिलं. न्यायाधीशांनी खूण केल्यावर त्यानं पुढे विचारलं, ‘कहाँ आयेंगे?’ आई जराशी चिडलीच. ‘कहाँ मतलब? बकाले के ऊपर. दूसरे माले पे.’

माझ्या सुदानी वकीलबाईनं फक्त ते उत्तर नोंदवून घ्यायला सांगितलं. दोन आठवड्यांनी निकाल आला. ही बाई तीस-पस्तीस वर्षं या गावात राहते, म्हणून कोर्टाला अधिकार आहे. भावाची हरकत फेटाळली, पालक म्हणून मला नेमलं. संध्याकाळी त्याचा फोन आला. ‘ताई, नथिंग पर्सनल. बाबांनी लिहिलं होतं तेच मी मांडलं.’ मी विचारलं, ‘मग मला हो का म्हणालास?’ तो म्हणाला, ‘तेव्हा कागद सापडला नव्हता.’ मी फोन ठेवला. आईचं ऑपरेशन नीट झालं. आता तिला कढीपत्त्याची पानं खिडकीतून दिसतात.

हे सगळं तुमच्यापर्यंत पोचणार नाहीच. आईच्या फायलीत निकालाच्या मागे ठेवून देईन. पण एक उरलं आहे. मला ती सही आठवते, बाबा. साताऱ्यात, कचेरीबाहेर टायपिंगवाल्याच्या टेबलापाशी तुम्ही कागद माझ्यापुढे केलात आणि म्हणालात, ‘आधी वाच.’ मी म्हणाले, ‘तुम्ही लिहिलंय ना, मग त्यात काय वाचायचं?’ तुम्ही पुन्हा म्हणालात, ‘वाच गं एकदा.’ मी न वाचताच सही केली आणि पेन तुमच्या खिशाला लावलं.