मागची सीट

अहो,

नव्या सायलेन्सरने गाडीला जोर येणार होता, लिटरमागे पाच किलोमीटर वाढणार होते. जोर आला म्हणे, मायलेज दोनने घटलं. गरम नळीने माझ्या पोटरीला आलेला फोड काल फुटला, म्हणून आज मेकॅनिककडे जाऊन विचारलं, "नळीवर जाळी का नाही लावलीत?"

बिचारा ओशाळला. "वहिनी, मी लावतच होतो. दादा म्हणाले, उगाच वजन कशाला? मागे कोणी बसत नाही."

नऊ वर्षं मग कोण बसतंय हो?

भाजी झाकून ठेवलीय. मी बसने आईकडे चाललेय. हौस तुमची फिटली, पोटरी माझी भाजली. मेकॅनिकला सांगितलंत, ते आजपासून खरं.