बाबांना सांगितलेलं अर्धं

ता. ४ जानेवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आशीर्वाद आधीच घेऊन टाक, पुढं सगळी कुरकुर आहे.

पोचल्याचं फोनवर सांगितलंच. बाकीचं फोनवर बोलता येत नाही. हे शेजारी बसलेले असतात आणि तीस वर्षांत आपली भाषा पुरती शिकलेत. म्हणून कागद घेतला. मी चौथीपर्यंतची, शुद्धलेखन बघू नकोस.

घर चांगलं आहे. नावं ठेवायला जागा नाही, याचाच राग येतो. खाली नणंदबाई, वर आम्ही, मध्ये लाकडी जिना. खिडकीतून समोरच्यांच्या दोऱ्या दिसतात. चादरी कशाही वाळत घालतात, कोपरे लोंबतात. माझे हात शिवशिवतात.

पण बाई गं, हे बोलतात! ज्यांना लाँड्रीत सगळे मुका मिस्त्री म्हणायचे, ते तुझे दाजी! हॉस्पिटलची ती मोठाली धुलाईची मशीनं ह्यांनी बसवली, तीसएक वर्षं चालवली, पण साहेबाकडं सुट्टी मागायची तर ती मी. बँकेत मी, डॉक्टरकडं मी. पोट ह्यांचं दुखायचं आणि कुठं दुखतं ते मी सांगायची. इथं स्वतःच्या देशात पाय ठेवला आणि तोंडाचं कुलूपच निघालं. परवा खिळे आणायला गेलो तर दुकानात तासभर गप्पा. सहा माणसं पोट धरून हसत होती. मी पिशवी धरून कोपऱ्यात, न कळता हसत. गाल दुखले माझे.

आणि नणंदबाई! सत्तरीची बाई, गुडघे गेलेले, शिवणकाम करते म्हणून तोंडात कायम टाचण्या. तिच्यावर मी जळते. लिहायला लाज वाटते, पण जळते. रोज संध्याकाळी हे तिच्या टेबलाशी जाऊन बसतात आणि दोघं हसतात. हसता हसता ह्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. माझ्या कुठल्या बोलण्यावर कधी आलं होतं गं? विचारलं तर म्हणतात, जुनी गोष्ट आहे, सांगून कळायची नाही. तीस वर्षं संसार केला, आणि मला न कळणाऱ्या गोष्टींचं गाठोडं इथं ठेवलेलंच होतं.

वर आणखी, मी दहा वाक्यं बोलले की हे तिला दोन सांगतात. बाकीची आठ जातात कुठं? काल मी म्हटलं, तुमचे पडदे सतरंजीसारखे जाड आहेत, भर दुपारी दिवा लावावा लागतो, आणि रंग तर आजाऱ्याच्या जिभेसारखा. सांगा तिला. ह्यांनी चारच शब्द सांगितले. ती खूश! माझा गाल ओढला. आज सकाळी टेप घेऊन जिना चढून आली आणि उरलेल्या दोन खिडक्यांची मापं घेऊन गेली.

आता कामाचं. बाबांच्या घरातली आमची मागची खोली कुणाला देऊ नकोस. किल्ली तुझ्याकडंच ठेव. मी एकटीच परत आले तर दार उघडशील ना? आणि लाँड्रीत घडीच्या टेबलाशी माझ्या जागी कोण उभं राहतं? ती तुटकी बटणं लावणारी बटणवाली तर नाही ना?

लोभ आहे तेवढा राहू दे, धुण्यात आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. २१ जानेवारी

ति. ताईस,
शि. सा. न. वि. वि. नमस्कार वाकून केला असं धर. खरा वाकून केला तर कंबर धरते.

तुझं पत्र दोनदा वाचलं. एकदा रडले, एकदा चिडले. वरच्या मजल्यावर घर, खिडकीत ऊन, नवरा बोलतो, नणंद पडदे शिवून देते, आणि तू रडतेस! माझा नवरा आपल्याच भाषेत बोलतो, तरी दिवसाला चारच शब्द, आणि त्यातले तीन जेवणाचे. तुझ्या जागी मला पाठव. मी हसेन न कळता, माझे गाल दणकट आहेत.

टेबलाशी मी उभी राहते. मुकादम केलंय मला. वाईट वाटून घे हवं तर. पहिल्या दिवशी सगळ्याजणी म्हणाल्या, ताई असत्या तर ही चादर परत पाठवली असती. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. आता म्हटलं तर मी ओला टॉवेल फेकून मारते. बटणवाली मात्र हळहळते. म्हणते, मिस्त्री गेले आणि लाँड्री सुनी झाली. बघ, मुकी माणसं किती आवाज करून जातात.

खोलीचं अवघड आहे. वॉर्डातली एक नर्स मागतेय. चांगली बाई आहे, एप्रिलपासून हवी म्हणते, मार्चअखेर सांगायचंय. तू येणार असशील तर मी तिला साफ नाही म्हणते. ये. खरंच ये.

कारण एक सांगते, राग मानू नकोस. मी दाजींना माफ केलेलं नाही. तो दिवस मला अजून दिसतो. बाबा खुर्चीत, दाजी समोर उभे, मान लालेलाल. त्यांना आपली भाषा येत नव्हती, आणि त्यांची सगळ्या लाँड्रीत फक्त तुला थोडी कळायची. बाबांनी विचारलं, माझ्या पोरीला परमुलखात नेणार का. दाजी बोलायला लागले ते थांबेचनात. मी दाराआड, अठरा वर्षांची. वाटलं, काय बाई लांबलचक भाषा. आणि तू बाबांकडं वळून म्हणालीस, इथंच राहीन म्हणतोय. बाबा उठले आणि त्यांना मिठी मारली.

बाबांना दिलेला शब्द मोडून ते तुला घेऊन गेले. निघताना मी सगळ्यांसमोर त्यांना बोलले, ते खाली मान घालून उभे राहिले. अपराधी माणूस तसाच उभा राहतो. आता त्यांनाच एक पत्र लिहिते, सावकाश, ठळक अक्षरात. बाबांच्या शब्दाची आठवण करून देते.

मोठ्यांनी लोभ करायचा आणि धाकट्यांनी तो उकळायचा. तेवढं चालू ठेव.

तुझी,
भिंगरी

ता. ८ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. ह्या वेळी आशीर्वाद मोठा आहे, कारण मागणं मोठं आहे.

ह्यांना पत्र लिहू नकोस. लिहिलं असशील तर फाड. मी सांगते ते वाच आणि कुणाजवळ बोलू नकोस.

ह्यांनी शब्द मोडला नाही. त्या दिवशी हे काय बोलले ते मला सगळं कळलं होतं. हे म्हणाले, हातपाय चालतात तोवर इथंच राहीन, तुमच्या पोरीला तुमच्यापासून तोडणार नाही. पण म्हातारपणी तिला माझ्या घरी नेईन, माझी बहीण तिथं एकटी आहे. हे चालत असेल तरच हो म्हणा. पहिलं मी बाबांना सांगितलं. पुढचं गिळलं.

तुला वाटेल, का. बाबा नाही म्हणाले असते. बाबांना परमुलूख म्हटलं की घाम फुटायचा. आणि बाबा नाही म्हणाले असते तर बटणवाली टपलेलीच होती. ह्यांच्या डगल्याचं तुटलेलं बटण तीन वेळा लावलं तिनं. एक बटण तीन वेळा कसं तुटतं? मी बघत होते. माझ्या डोळ्यांसमोर नुसती ती आणि तिची सुई. म्हटलं, आत्ता हो पडू दे, म्हातारपणाचं म्हातारपणी बघू. म्हातारपण एवढ्या लवकर येतं हे बाविसाव्या वर्षी कोण सांगणार.

बाबा दोन वर्षांत गेले. हे आजवर समजतात की बाबांनी सगळं ऐकून हो म्हटलं. कधीमधी मला म्हणायचे, तुझे वडील मोठ्या मनाचे. मी चहाला उठायची.

आणि आता शेवटचं, तेही ऐक. इकडं यायचं ह्यांनी नाही काढलं. रिटायर झाले त्या दिवशी हत्यारांची पेटी घेऊन घरी आले, ती कॉटखाली सरकवली आणि गप्प बसले. नेहमीचेच गप्प, पण मला सोसेना. मीच म्हटलं, चला, तुमच्या घरी जाऊ. तुम्हा सगळ्यांना वाटलं ह्यांनी ओढून नेलं. मी वाटू दिलं. तू फाटकाशी ह्यांना बोललीस तेव्हा मी ट्रंकेचा पट्टा आवळत होते. तो आधीच आवळलेला होता.

पडदे लागले. चारही खिडक्यांना. आता घरात सकाळ होतच नाही. आणि मला आतून खातं ते हे, की ही बाई माझ्या नवऱ्याची तीस वर्षं वाट बघत बसली होती, आणि मी तिच्यावरच जळते. कुणाला सांगू? सांगायला भाषा नाही. जी आहे ती ह्यांच्या तोंडातून जाते.

खोली ठेव. मी येते. ह्यांना खरं कळण्याआधी येते.

लोभाची घडी मोडू नकोस, एवढंच मागते.

तुझी,
ताई

ता. २४ फेब्रुवारी

ति. ताईस,
सा. न. वि. वि. ह्या वेळी नमस्कार उभ्यानंच.

उशीर झाला. तुझं पत्र काल मिळालं. दाजींना लिहिलेलं परवाच पेटीत टाकलं. पोस्टात जाऊन परत मागितलं. पोस्टमन हसला. म्हणाला, पेटीत पडलेलं देता येत नाही.

काय लिहिलंय ते सांगून ठेवते. बाबांसमोर उभं राहून दिलेला शब्द तुम्ही मोडलात, असं लिहिलंय. माझ्या ताईला परत पाठवा, असं लिहिलंय. आणखीही आहे, ते लिहायला हात वळत नाही.

तुझ्यावर चिडू की काय करू? तू आपल्या पायांनी गेलीस. मला टेबलाशी एकटीला सोडून, आपल्या पायांनी. आणि मी फाटकाशी उभी राहून एका गरीब माणसाला शिव्या दिल्या. मला तर असं वाटतंय की मी त्यांच्यावर जळत होते. तू माझी होतीस आणि त्यांनी नेलीस, एवढंच ते होतं. शब्दबिब्द मी वरून पांघरला.

खोलीचं ऐक. तोंड लपवायला यायचं असेल तर खोली देणार नाही. ती नर्सला जाईल. आधी त्यांना सांग, आपल्या तोंडानं सांग. मग यावंसं वाटलं तर ये. नर्स झोपलेली असली तरी तिची कॉट बाजूला सरकवून तुझं अंथरूण टाकीन. मार्चअखेर कळव.

राग आहे, लोभही आहे. दोन्ही एकाच दोरीवर वाळत घातलेत.

तुझी,
भिंगरी

ता. १२ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ. आणि तुझ्या कंबरेलाही आ.

मला लिहिलेलं पत्र मंगळवारी आलं. ह्यांना लिहिलेलं सोमवारी. एक दिवस, भिंगरी. एका दिवसानं मेले मी.

टपाल नणंदबाई घेतात. संध्याकाळी शिवणाच्या टेबलावर त्यांनी ते ह्यांच्यापुढं ठेवलं. तुझं अक्षर मी लांबून ओळखलं. हे आपली भाषा वाचतात ती अक्षरावर बोट ठेवून, एकेक शब्द मोठ्यानं. पहिली ओळ झाली, दुसरी झाली. बोट बाबा ह्या शब्दावर आलं आणि मी तो कागद ओढला. आणि सगळं सांगितलं. बटणासकट. उभ्यानं, एका दमात. नणंदबाई टाचण्या तोंडात धरून बघत होत्या.

ह्यांनी कागद माझ्या हातातून घेतला, चार घड्या केल्या, कोपरे जुळवून, मी शिकवल्या तशा. मग म्हणाले, ठाऊक आहे.

ठाऊक आहे! लग्नानंतर दुसऱ्या वर्षी बाबा ओट्यावर बसून कुणाला तरी सांगत होते की आमचा जावई मरेपर्यंत इथंच राहणार, तसा शब्द दिलाय त्यानं. तोवर ह्यांना तेवढी भाषा यायला लागली होती. कळलं, आपलं अर्धं बोलणं वाटेतच राहिलं. मग बोलला का नाहीत, म्हणून मी ओरडले. तर म्हणाले, तुझे वडील ते सांगताना फार खूश होते. ते गेल्यावर वाटलं, राहिलेलं अर्धं तुझ्याजवळ आहे, कधीतरी देशील. रिटायर झालो त्या दिवशी दिलंस. मग आणखी काय विचारायचं.

आणि वडील मोठ्या मनाचे म्हणायचे ते? ते म्हणे मी कधी बोलते का बघायला. अठ्ठावीस वर्षं हा माणूस मला चहाला पळताना बघत होता. मी चिडले, रडले, परत चिडले. माफी मागायची तर सुचेना, भांडण मात्र सुचलं.

पण खरी मिरची पुढंच लागली. मी विचारलं, बहिणीला हे कधी सांगणार. तर म्हणाले, तिला तेव्हाच पत्रानं कळवलं होतं. म्हणजे ह्या बाईला माझं खोटं ह्यांच्याइतकंच जुनं माहीत आहे! माहीत असून गाल ओढला, माहीत असून पडदे शिवले. मी जिच्यावर दोन महिने जळले, तिच्याजवळ माझ्यावर जळायला अठ्ठावीस वर्षांचा माल होता, आणि तिनं तो वापरला नाही. ह्याचासुद्धा मला हेवाच वाटला बघ. माझ्याच्यानं नसतं झालं.

दोन दिवस वर बसून राहिले. ह्यांची भाषा मला तेव्हा थोडी यायची, लागली नाही म्हणून गंजली होती. घासूनपुसून सहासात शब्द काढले. आज दुपारी एकटी जिना उतरले. ह्यांना म्हटलं, वरच थांबा. नणंदबाई मशीनवर होत्या. मी म्हटलं, पडदा जाड. खोली काळी. बाबांना मी खोटं. मग शब्द संपले. उभी राहिले.

त्यांनी मशीन थांबवलं. तोंडातल्या टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या. टाचण्यांशिवाय त्यांचं तोंड मी पहिल्यांदा पाहिलं. माझा हात धरला आणि बोलायला लागल्या. पाच मिनिटं तरी बोलल्या. एकदा हसल्या, एकदा डोळे पुसले, एकदा माझ्या हातावर चापट मारली, चांगली जोरात. मला एक अक्षर कळलं नाही.

खोली नर्सला दे. किल्लीसुद्धा दे. खुंटीला माझा कामाचा एप्रन असेल, तो तू घाल. मुकादमाला शोभेल असा एकच आहे त्या लाँड्रीत. बटणवालीला माझा नमस्कार सांग. नको, राहू दे. एवढी काही मी सुधारले नाही. आणि ह्यांना दुसरं पत्र लिही. बोट ठेवून वाचायला बसतील, म्हणून अक्षर मोठं काढ.

नणंदबाई बोलायच्या थांबल्या तेव्हा हे जिन्यात येऊन उभे होते. ऐकत असणार सगळं. मी विचारलं, काय म्हणतायत. ह्यांनी जरा विचार केल्यासारखं केलं. मान थोडी लाल झाली. आणि म्हणाले, इथंच राहा म्हणतेय.

बाकीचं मी विचारलं नाही.

लोभ असाच पाठवत राहा. पोचतो.

तुझी,
ताई