जपानहून येणारे रणगाडे

दादा, तुमची लेक गेल्या थंडीत अजिंठ्याजवळ फर्दापूरला जाऊन आली. आईला सांगितलं, सिल्लोडला मैत्रिणीच्या मुलीचं लग्न आहे. तिनं माझ्या हातातल्या मिठाईच्या खोक्याकडं एकदा बघितलं आणि काही बोलली नाही. तुम्हाला माहीत आहे, ती बोलत नाही तेव्हा तिला जास्त कळलेलं असतं. खोक्यात मिठाई नव्हती, तुमचा एक रणगाडा होता, आईच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेला.

उन्हाळा लागला, लेण्यांचे पर्यटक आटले, तुमची टॅक्सी हर्सूलच्या घरासमोर लिंबाखाली उभी राहायला लागली, की पोस्टमन जपानहून आलेला खोका घेऊन यायचा. वर धुरळा उडवत निघालेल्या रणगाड्याचं चित्र, आत प्लास्टिकच्या चौकटींना लटकलेले बारीक बारीक तुकडे, आणि घरात कुणालाच न वाचता येणाऱ्या लिपीतला एक कागद. कधी जर्मन गाडी, कधी रशियन, सगळ्या जुन्या लढायांतल्या. तुम्ही नुसती चित्रं बघून जोडायचे. जेवण झालं की स्वयंपाकघरातच पेपर पसरून बसायचे, नेलकटरनं एकेक तुकडा सोडवायचे, काडेपेटीच्या कडेवर घासायचे. चिकटवायचं औषध काढलं की पोळ्यांनासुद्धा त्याचा वास लागायचा. रंग गुलमंडीतून आणायचे, आणि शेवटी साखळ्यांना लावायला हर्सूल तलावाची माती, आईच्या चहाच्या गाळणीतून गाळून. बाजूवर चिकटवायला परदेशी आकडे यायचे, ते तुम्ही कधीच लावले नाहीत. त्या जागी तुमच्या टॅक्सीचा नंबर रंगवायचे. विहारातल्या एका काकांनी भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं आणि खाली कपाटावर मांडलेल्या रणगाड्यांकडं बघून विचारलं होतं, "इथं तोफा कशाला?" तुम्ही म्हणालात, "त्या कुठं उडतात?" आणि पुन्हा घासायला लागले.

आईला तोफांचं काही नव्हतं. तिला खोक्यावरच्या पत्त्याचं होतं. इंग्रजीतलं, गोल, नीट, एकसारखं अक्षर. ती शाळा शिकलेली नाही, पण खोका उजेडात धरून म्हणायची, "हे बाईचं अक्षर हाय."

"म्हातारा हाय एक," तुम्ही म्हणायचे. "लेणी दाखवली व्हती त्याला."

"तुम्ही तर गाडीपाशी बसून राहता. लेणी कवापासून दाखवायला लागले?"

तुमचा हात थांबला होता, दादा. मी दाराशी बसून गृहपाठ करत होते आणि मला तो थांबलेला स्पष्ट दिसला. संशयाचं बाळकडू मला आईनं त्याच दुपारी पाजलं. पुढं मी कॉलेजात असताना तुम्हाला सरळ विचारलं, की खोके पाठवणारं नक्की कोण आहे. तुम्ही माझ्यावर कधी आवाज चढवत नव्हते, त्या दिवशी चढवला. "पोलीस हायेस का तू?" एवढंच. खऱ्या माणसाला चिडायचं काय कारण, असं मी तेव्हा मनात धरलं, आणि ते आजतागायत सुटलेलं नाही.

मग एका उन्हाळ्यात खोका आला नाही. तुम्ही पोस्टमनची सायकल दिसली की उगाच टॅक्सीची काच पुसायला बाहेर जायचे. पुढच्या वर्षीही आला नाही. आई भाजी निवडत म्हणाली, "तुटलं वाटतं." तुम्ही कपाटावरचे जुने रणगाडे उतरवून धूळ पुसत बसले. त्यानंतर तुम्ही काही जोडलं नाही, आणि दोनेक वर्षांत गेलातच.

आता बघा काय झालं. थंडीत एका गाइडचा फोन आला. जपानी येणारा, आपल्याच भागातला मुलगा. म्हणाला, "ताई, एक बाई आल्यात. तुमच्या वडलांचा पत्ता घेऊन फिरत्यात." इतकी वर्षं आई जिची वाट बघत होती, ती आली होती.

फर्दापूरच्या हॉटेलच्या अंगणात ती बसली होती. सत्तरीच्या आतबाहेरची. मी तिथल्या तिथं हिशेब केला, तेव्हा ही चाळिशीच्या आसपास असणार, तुमच्याच वयाची. ती माझ्याकडं बघत होती ते निव्वळ बघणं नव्हतं. कपाळ, नाक, कान, पुन्हा नाक. मी खोका उघडून रणगाडा तिच्यापुढं ठेवला. तिनं तो उचलला, बाजूचा नंबर बघितला आणि पर्समधून एक फोटो काढला. फोटोत तुमची टॅक्सी, तिच्या बॉनेटवर एक रणगाडा, एका बाजूला तुम्ही, दुसऱ्या बाजूला पायाला बँडेज बांधलेला एक म्हातारा. दोघं दात काढून हसत आहेत.

तो तिचा बाप, गाइडनं तिचं ऐकून सांगितलं. रणगाड्यांचे हे खेळ बनवणाऱ्या कारखान्यात तो आयुष्यभर साचे कोरत होता. अजिंठ्याला आला, पहिल्याच पायऱ्यांवर पाय मुरगळला, आणि बाकीची मंडळी लेणी बघायला गेली तेव्हा तुम्हाला त्याच्याजवळ थांबवलं. दोन दिवस. तुम्हाला त्याची भाषा येत नव्हती, त्याला तुमची. त्याच्या बॅगेत एक खोका होता. तो तुम्ही दोघांनी याच अंगणात बसून जोडला. त्याच्या घरात रणगाड्याला मनाई होती, बायकोनं लहानपणी युद्ध बघितलं होतं. आयुष्यभर त्यानं जे कोरलं ते त्याच्याबरोबर बसून जोडणारा तुम्ही पहिला माणूस. म्हणून तो पाठवत राहिला.

"आणि पत्ता?" मी विचारलं.

"तो ह्याच लिहायच्या," गाइड म्हणाला. "म्हाताऱ्याला इंग्रजी येत नव्हतं."

म्हणजे अक्षर बाईचंच होतं. आई चुकली नव्हती.

ती बाई मग बराच वेळ बोलली आणि गाइडनं चारच वाक्यांत सांगितलं. हे मला तिथंही खटकलं, अजून खटकतंय. तो म्हणाला, "ह्यांच्या आईला वाटायचं की इंडियात नवऱ्याचं दुसरं घर हाय. ड्रायव्हरला दरवर्षी कोण भेट धाडतंय? ह्या मघापासून तुमच्या तोंडावर आपल्या वडलांचं काही दिसतं का ते बघत व्हत्या. माफी मागत्यात." ती खाली मान घालून हसत होती. मीही हसले.

दादा, हे मी लिहितेय ते एवढ्यासाठी, की त्या उन्हाळ्यात खोका आला नाही कारण म्हातारा वारला होता. तो विसरला नव्हता, तुमचं काही चुकलं नव्हतं. कळवायचं तर हा ड्रायव्हर आपला कोण लागतो, हेच त्यांना ठरवता आलं नाही. हा कागद मी घडी घालून रद्दीत देणार आहे, पण हे कुणीतरी तुम्हाला सांगायला हवं होतं.

बाकी सगळ्यावर माझा विश्वास बसलाय असं समजू नका. घरी तासभर आमच्याजवळ बसवत नव्हतं तुम्हाला, आणि तिथं दोन दिवस एका अनोळखी म्हाताऱ्याबरोबर मुकाट बसले? इतकं साधं होतं तर लेण्यांची थाप कशाला? आईनं काय खाल्लं असतं तुम्हाला? का आपण खेळत बसलो हे सांगायची लाज वाटली?

रणगाडा मी त्या बाईला देऊन टाकला. घरी येऊन आईला सगळं सांगितलं, म्हातारा, पाय, कारखाना, फोटो, सगळं. ती डोळे मिटून ऐकत होती. संपल्यावर तिनं एकच विचारलं, "दिसायला कशी हाय?"

मी म्हणाले, "साधीच गं. आपल्यासारखी."

खरं तुम्हाला सांगते, दादा. या वयातसुद्धा लई सुंदर होती.