कपाटातली कादंबरी

अहो,

नमस्कार. मी मजेत आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो घरीही कुरकुरायचाच.

असलं काळंकुट्ट वाचून पोर बिघडेल म्हणून थोरलीची कादंबरी तुम्ही कपाटात कुलपात ठेवलीत, असं कळवलंत. तीच कादंबरी मी इथे मिळवली आणि कामावर, वृद्धाश्रमाच्या लाँड्रीत, मशिनं फिरत असताना वाचून काढली.

काळी आहे, खोटं कशाला बोलू? त्या गोष्टीतल्या शहरात मुलांची नावं काढून घेतात आणि कॉलरवर नंबर शिवतात. तिथे मी थबकलेच. कपड्यांची अदलाबदल होऊ नये म्हणून मीही इथे म्हाताऱ्यांच्या कॉलरवर नंबरच शिवते, आणि कपडे वाटताना हाकही नंबरानेच मारायचे. आता नावाने मारते. परवा खिडकीजवळच्या आजोबांनी चक्क मान वर करून माझ्याकडे पाहिलं. म्हणजे मी काही बिघडले नाही, उलट थोडी सुधारलेच.

धाकटा नीट जेवतो ना? आणि थोरली तुमच्याशी बोलते का? त्याबद्दल तुम्ही चकार शब्द लिहिला नाहीत.

एक सांगते, रागावू नका. त्या शहरातले अधिकारी सगळ्यात आधी घराघरातली पुस्तकं कुलपात टाकतात. थोरली तिथवर पोचली होती का, कोण जाणे. कुलूप काढा आणि पुस्तक तुमच्या हातानेच तिला परत द्या. नाहीतर उद्या कुठून तरी मिळवून ते पान वाचताना तिला त्या अधिकाऱ्यांच्या जागी तुमचाच चेहरा दिसेल.

दोघांना जवळ घ्या.

तुमचीच,
थोरलीची आई